पाळकसाहेबांनी साफ केलेला आवाज

भूमच्या आमच्या चर्चमध्ये मूक प्रार्थनेची वेळ आली की पाळकसाहेब मोबाईलवर पियानो लावायचे. मूक प्रार्थनेला पियानो कशाला, असं एकदा मंडळीतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी विचारलं. ते म्हणाले, "काकू, शांतता पडली की मला माईक बंद पडल्यासारखं वाटतं." सगळे हसले. मी हसले नाही. मी त्यांच्या शेजारी लॅपटॉपपाशी बसायचे आणि पियानो सुरू व्हायला जरा उशीर झाला की त्यांचा अंगठा कसा वळवळतो ते मला दिसायचं.

मी त्यांची ऑपरेटर होते. म्हणजे पडद्यावर गीताची कडवी पुढे सरकवणारी. माझं शिक्षण सोलापूरला इंग्रजी शाळेत, हॉस्टेलवर राहून झालं. पदवी घेऊन घरी परतले तेव्हा माझ्याशी काय बोलावं हे गावाला कळत नव्हतं आणि गावाशी काय बोलावं हे मला. पाळकसाहेबांनी पहिल्याच रविवारी मला हेरलं. "काय इंग्लिश मीडियम, तोंडाला लॉक लावलंय व्हय? का पासवर्ड इसरलीस?" मी खाली बघितलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "बोलायची गरजच न्हाय. हे बटण दाबलं की पुढचं कडवं येतं. बास." मला ते काम आवडलं. खोटं कशाला सांगू?

पन्नाशीचे, बुटके, कपाळावर कायम घाम. पांढऱ्या झग्याच्या एका खिशात पॉवर बँक, त्यामुळे झगा एका बाजूला ओढलेला. चर्चला पत्र्याचं छप्पर, दुपारी तापलं की कडकड वाजणारं, आणि लाईटचा भरवसा नाही. अशा ठिकाणी त्यांनी दोन स्टँड, तीन फोन आणि एक मिक्सर उभा केला होता. उपासना लाईव्ह जायची. बघणारे बहुतेक तेच लोक असायचे जे समोर बाकावर बसलेले असत. काही जण बाकावर बसून फोनवर स्वतःला बघायचे.

मंडळीत कुणी नवा फोन घेतला की तो आधी त्यांच्या हातात द्यावा लागे. घराची, गाडीची समर्पणाची प्रार्थना आमच्यात असतेच. त्यांनी ती मोबाईलला लागू केली. "आधी प्रार्थना, मग सिम," असं त्यांचं वाक्यच होतं. फोनवर तळहात ठेवून, डोळे मिटून ते म्हणायचे, "प्रभू, ह्या यंत्रातून वाईट काही येऊ नये आणि वाईट काही जाऊ नये." ही गोष्ट बाहेर पसरली. ईट गावचा एक शेतकरी, आमच्या धर्माचा नव्हे, विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू करायचा डबा घेऊन आला. "देव कुठलाबी असू द्या साहेब, मोटार जळू नये एवढं बघा." पाळकसाहेबांनी त्या डब्यावरही हात ठेवला. मोटार पुढच्या महिन्यात जळाली आणि माझ्या पप्पांच्या दुकानात आली. पप्पा मोटारी भरायचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचे.

पाळकसाहेबांनी घरी बोलणारा डबा आणला होता. हवामान विचारा, गाणं लाव म्हणा. त्याच्याशी ते पुलपीटवरच्या, म्हणजे उपदेशाच्या, मराठीत बोलायचे. "कृपया प्रातःकाळचं एखादं गीत लावावं." डब्याला ओ की ठो कळायचं नाही. मग पाळकीणबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "ए, गाणं लाव!" आणि तो लगेच लावायचा. बाई मम्मीला सांगायच्या, "माझ्याशी आठ-आठ दिस बोलत न्हाईत. डब्याला मात्र कृपया म्हणत्यात."

दुपारच्या प्रार्थनेची आठवण म्हणून त्यांच्या फोनमध्ये कोंबडा आरवायचा. एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारल्याचा उतारा वाचून होत होता आणि झग्यातून कोंबडा आरवला. मागच्या बाकावरची एक बाई रडायलाच लागली. पाळकसाहेब क्षणभर घाबरले, मग सावरून म्हणाले, "ऐका." त्यानंतर दर वर्षी तो कोंबडा ठरवून आरवायचा, आणि ठरवल्यामुळे कुणी रडायचं नाही.

हे सगळं मी अजूनही हसत सांगू शकते. पुढचं सांगताना हसू येत नाही.

वस्तीवरून येणाऱ्या म्हाताऱ्या बायका गीताची शेवटची ओळ ओढायच्या. पिढ्यानपिढ्या ती ओळ तशीच ओढली जायची. दमून बसलेला माणूस उठताना लावतो तेवढा वेळ त्या ओळीला लागायचा. पाळकसाहेबांनी गीतांचे ट्रॅक आणले. ट्रॅक संपायचा तरी बायकांची अर्धी ओळ उरलेली असायची. उघड्या पडलेल्या त्यांच्या आवाजांकडे सगळे वळून बघायचे. "आयांनो, ट्रॅकच्या मागं राहू नका," ते गोड आवाजात सांगायचे. दोन-तीन महिन्यांत बायका मागे राहायच्या थांबल्या. गायच्याच थांबल्या. ओठ हलवायच्या. पडद्यावर मीच कडवी सरकवत होते, तेव्हा मला ते समोरून दिसायचं. पाळकसाहेब मात्र खूश होते. "आता कसं शिस्तीत वाटतंय!"

स्वतःचेही लाड त्यांनी केले नाहीत, हे सांगायला हवं. रविवारचा उपदेश ते सोमवारी ऐकायचे आणि त्यातलं एकेक 'न्हाय' शोधून काढायचे. घरी 'न्हाय', पुलपीटवर 'नाही'. चुकून पुलपीटवर 'न्हाय' आलंच तर ते ॲपमध्ये कापून तिथं दुसरीकडचं 'नाही' बसवायचे. मी एकदा शेजारी बसून बघत होते. मान न वळवता ते म्हणाले, "पाळकाचं शिक्षण घ्यायला गेलो तवा पहिल्या उपदेशाला अख्खा वर्ग हसला. म्या कुठं चुकलो तेच मला कळंना. वचन बरोबर, अर्थ बरोबर. मग हसत्यात कशाला? हे आत्ता कळतंय." आणि त्यांनी एक 'म्या' उचलून कचऱ्यात टाकला. मला त्यांची दया आली. आजही येते, हीच अडचण आहे.

मग त्यांच्या डोक्यात साक्षींचं आलं. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते माणसानं उभं राहून मंडळीला सांगायचं. पाळकसाहेबांनी ठरवलं की म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या साक्षी रेकॉर्ड करून ठेवायच्या. माणूस गेला की त्याच्या आठवणीच्या उपासनेला त्याचीच साक्ष पडद्यावर लावायची. "मेलेला माणूस आपल्या तोंडानं बोलंल. ह्याच्याहून मोठं पुनरुत्थान आपल्याला जमणार हाय का?"

माझे पप्पा म्हातारे नव्हते. पण पाळकसाहेब त्यांच्या मागेच लागले.

पप्पा अडखळत बोलायचे. थोडंथोडकं नाही. शब्दाच्या दारातच अडकायचे. मान जरा डावीकडे जायची, उजव्या हाताचं बोट मांडीवर दाबलं जायचं आणि शब्द यायचा तेव्हा यायचा. बाजारात त्यांना कुणी वाक्य पुरं करूच द्यायचं नाही. "वा... वा..." म्हणताच गिऱ्हाईक म्हणायचं, "वाइंडिंग गेली म्हणा की मिस्त्री! उगं का जीव काढताय?" त्यांच्या दुकानासमोर कापडाचं दुकान असलेले एक काका तर त्यांची नक्कल करून दाखवायचे, त्यांच्याच देखत, आणि पप्पाही हसायचे. फोनवर ते बोलायचेच नाहीत. हॉस्टेलवर मला फोन यायचा तो मम्मीचा, आणि मागून पप्पांचं खाकरणं ऐकू यायचं. लग्नाच्या कॅसेटवर सनई. वाढदिवसांच्या व्हिडिओंत ते टाळ्या वाजवताना दिसतात. त्यांचा आवाज कशातच नाही.

फक्त मम्मी थांबायची. तिनं त्यांचा शब्द कधी पुरा केला नाही. तव्यावर भाकरी करपत असली तरी त्यांच्याकडे बघत थांबायची. शब्द आला की मग भाकरी उलटायची.

"मिस्त्री, तुमची साक्ष पायजे मला," पाळकसाहेब दुकानात येऊन म्हणाले.

पप्पांनी नुसती नकाराची मान हलवली.

"हसतील म्हणून भेताय व्हय? कुणी न्हाय तिथं. म्या, माझा फोन आणि ही तुमची मुकी पोरगी. लागू द्या की वेळ किती लागायचा ते. मला घाई न्हाय."

पप्पा गेले. याचं मला अजून नवल वाटतं. पाळकसाहेबांच्या घरी पुढच्या खोलीत पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज येतो, आम्ही बसलो. पप्पांच्या शर्टाला कॉलर माईक मी लावला. मम्मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पप्पा बोलायला लागले.

आणि पाळकसाहेब थांबले. ज्यांना मूक प्रार्थनेतली शांतता सोसायची नाही, ते घामानं निथळत, फोनवरची नजर काढून पप्पांच्या तोंडाकडे बघत थांबले. एकदाही शब्द पुढे केला नाही. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो हलला नाही. अख्खी दुपार गेली. पप्पा आयुष्यात तेवढं कधी बोलले नव्हते.

त्यांनी मम्मीला बघायला गेल्याची गोष्ट सांगितली. मला ती तोवर माहीतच नव्हती. तामलवाडीला मम्मीच्या घरी बसले होते. मुलीला नाव विचारून झालं, तिनं सांगितलं. मग तिच्या मामांनी गमतीनं मुलालाही विचारलं, "पाव्हणं, तुमचं नाव काय?" पप्पा स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर अडकले. बसलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी फसकन हसलं. पप्पांच्या चुलत्यानं नाव सांगायला तोंड उघडलं, तर पप्पांनी हातानं त्याला अडवलं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. ती हलली नाही. चहावर साय धरली तरी ती तशीच उभी. पप्पांच्या तोंडून नाव बाहेर पडलं तेव्हा तिनं पहिला कप त्यांच्यापुढे केला.

हे सांगताना पप्पा पुन्हा त्याच अक्षरावर अडकले. मान डावीकडे गेली. बोट मांडीवर. मी मम्मीकडे बघितलं. ती चौकट धरून थांबली होती, जशी तेव्हा थांबली असेल. नाव आलं. पप्पा म्हणाले, "द... देव कसा असतो, मला म... माहीत न्हाय साहेब. पण कुणीतरी थ... थांबतं, एवढं मला क... कळलंय."

पाळकसाहेबांनी फोन बंद केला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. म्हणाले, "मिस्त्री, असली साक्ष म्या जल्मात ऐकली न्हाय." ते खरं बोलत होते. याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा माझा राग कुठेही नीट बसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पप्पा दुकानातच छातीत कळ येऊन गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्या दिवसांबद्दल लिहिणार नाही.

आठवणीच्या उपासनेला चर्च भरलं होतं. ईटचे शेतकरी आले होते, बाजारातले दुकानदार आले होते. मम्मी पहिल्या बाकावर. लॅपटॉपवर मी नव्हते, पाळकसाहेबांनी स्वतः बसायचं ठरवलं होतं. पडद्यावर पप्पांचा फोटो आला, आणि फोटोमागून आवाज.

"मी लहानपणापासून गरिबीत वाढलो. प्रभूनं मला हुन्नर दिला..."

पप्पांचाच आवाज. पण सलग. एकही अक्षर दोनदा नाही. कुठे श्वास नाही. शब्द एकाला एक लागून, धुऊन वाळत घातल्यासारखे. खाली पियानो. मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाची साक्ष लागली. मग तामलवाडीचं आलं.

"मामांनी विचारलं, पाहुणं, तुमचं नाव काय? मी नाव सांगितलं. तिनं चहा दिला. प्रभूनं आमचा संसार मांडला. कुणीतरी थांबतं, एवढं मला कळलंय."

संपलं. कुणाचंही हसणं नाही, चुलता नाही, साय नाही. कोण थांबतं, कशासाठी थांबतं, काही नाही. एका माणसाला नाव विचारलं आणि त्यानं नाव सांगितलं. यात साक्ष देण्यासारखं काय आहे?

चर्च मात्र रडत होतं. बाहेर आल्यावर कापडवाले काका हात जोडून मला म्हणाले, "कसं फाडफाड बोलत हुता गं तुझा बाप! आपल्यालाच उगं वाटायचं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पाळकसाहेब आत वायरी गुंडाळत होते, तळहात ते कोपर, तळहात ते कोपर. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आधीचं कुठंय?"

"काय आधीचं?"

"पप्पांचं. जसं बोलले तसं."

"हेच की ते. नुसतं साफ केलंय." त्यांचा चेहरा उजळला. "लई कष्ट लागले गं. तीन आठवडे रोज बसत हुतो. आधी ॲपनं गॅप काढलं, मग एकेक अक्षर हातानं. 'नाव' हा शब्द तर लई अवघड गेला. शेवटी दुसऱ्या वाक्यातला उचलून तिथं लावला."

"मला ते नकोय. न कापलेलं द्या."

"ते कुठलं आता? फोनमधी जागा राहत न्हाय. काम झालं की म्या काढून टाकतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं मी कृतज्ञतेनं गप्प झाले आहे, किंवा तसं वाटून घेणं त्यांना सोयीचं पडलं.

"अगं, लोक हसले असते," ते हळू आवाजात म्हणाले. "मेल्यावरबी हसले असते. आयुष्यभर त्यांनी सोसलं ते म्या काढून टाकलं. बघितलंस का, आज कुणी हसलं?"

"मम्मी तिथं होती," मी म्हणाले. "तुम्ही मम्मीला काढून टाकलंत."

त्यांना कळलं नाही. खरंच कळलं नाही. वायरीचा वेढा खांद्यावर टाकून ते म्हणाले, "वहिनींचं हाय की. 'तिनं चहा दिला' ठिवलंय ना म्या."

त्यांनी ती साक्ष मम्मीच्या फोनवर पाठवली. वर्षभरानं त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मंडळीनं त्यांना व्हिडिओसाठीचा एक गोल रिंग लाईट भेट दिला. तो हातात घेताना ते रडले आणि आधी प्रार्थना करून मगच खोका फोडला. नवे पाळक तरुण आहेत, शांत आहेत. त्यांना ट्रॅकचा सोस नाही. पण म्हाताऱ्या बायका आता शेवटची ओळ ओढत नाहीत. ती कशी ओढायची हे त्यांना आठवत नसावं, किंवा आता कुणाला ऐकवावीशी वाटत नसावी.

मी पुण्याला नोकरीला लागले. सुटीला घरी आले की सकाळी स्वयंपाकघरातून पप्पांचा आवाज येतो. मम्मी पीठ मळता मळता फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. "मामांनी विचारलं, पाहुणं, तुमचं नाव काय?" इथं ती पिठाचं बोट स्क्रीनवर ठेवते. आवाज थांबतो. ती परातीवरचा हात तसाच ठेवून फोनकडे बघत राहते. मग पुन्हा बोट. "मी नाव सांगितलं."

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दारातच थांबले. मला वाटलं, निदान एवढं तरी तिनं परत मिळवलं. आता तसं वाटत नाही. त्या थांबण्यात पप्पा नसतात. ती मान, ते बोट, श्वास अडकल्याचा तो बारीक आवाज, काही नसतं. फोन नुसता थांबलेला असतो. कधी कधी ती इतका वेळ थांबते की स्क्रीन काळी पडते. मग कुलूप उघडावं लागतं आणि पीठ लागलेल्या बोटाला फोन दाद देत नाही.

आणि माझं म्हणाल तर मला भीती वाटायला लागली आहे. परवा पुण्यात रस्त्यानं जाताना पप्पांचं एक जुनं बोलणं आठवलं. त्यांनी मला सायकलवर हात कसा दाखवायचा ते शिकवलं होतं. ते मला सरळ ऐकू आलं, एका दमात, कुठेही न अडकता. मी फुटपाथवर उभी राहून परत ऐकायचा प्रयत्न केला. तसं ते कधीच बोलले नव्हते.

या नाताळात मी घरी असताना मम्मीच्या फोनवर पाळकसाहेबांचा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावर रिंग लाईटचा गोल उजेड, आवाजात तोच उत्साह. मुलांची, शेजाऱ्यांची, पाण्याची चौकशी झाली. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, मिस्त्रींची साक्ष ऐकता का कधी?"

"रोज ऐकते, साहेब."

ते खूश झाले.

"आणि आवाज? क्लिअर येतो ना?"

मम्मीनं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली. मला बोलायचं होतं. शब्द तोंडात होता. मम्मी थांबली, आणखी थांबली, आणि मग फोनकडे वळून म्हणाली,

"लई क्लिअर येतो, साहेब."